काटा हिरव्या पट्ट्यात

भाडेकरारात एक अट होती. अंगणातल्या तलावाचं पाणी निळ्या फरशीच्या वरच्या ओळीखाली गेलं, तर भाडेकरूने घर सोडावं. कोबेच्या डोंगरउतारावरच्या त्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर मालक ओनिशी-सान एकटे राहत आणि खालच्या मजल्यावर डॉक्टर प्रसन्न बेहेरे आणि त्याची बायको विभा. तलाव पोहण्याचा होता, पण त्यात कुणी पोहत नसे. उत्तर जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर ओनिशी-सानांनी ही अट घातली, असं दलाल म्हणाला. परदेशी म्हणून चार मालकांनी नकार दिल्यावर हे घर मिळालेलं, त्यामुळे जास्त चौकशी करायची दोघांची हिंमत झाली नाही.

"पाण्याचं माझ्यावर सोपव," प्रसन्नने विभाला सांगितलं होतं. नळ्यांतून वाहणारं पाणी हाच त्याच्या संशोधनाचा विषय. आठ वर्षं तो त्याचा अभ्यास करत होता, पण संगणकावर, आणि संगणकातलं पाणी कधी संपत नाही.

सतरा जानेवारीला ओनिशी-सान काळा सूट घालून पहाटेच बाहेर पडले. वीस वर्षांपूर्वी त्याच पहाटे कोबे हादरलं होतं आणि त्यात त्यांची बायको गेली, एवढंच या दोघांना माहीत होतं. आज ते परत येतील तेव्हा त्यांना तलाव नितळ दिसावा, असं प्रसन्नच्या मनात आलं. मनात आलं ते चांगलंच होतं.

पंपाची खोली घरामागे होती. फिल्टरवरचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात आणि तलावात परत पडणारी धार मात्र मरतुकडी. दाब जास्त, प्रवाह कमी, म्हणजे फिल्टरमधली वाळू तुंबलेली. निदान बरोबर होतं. उपायही बरोबर होता: तलावाचं पाणी वाळूतून उलट्या दिशेने सोडायचं आणि घाणीसकट रस्त्याकडेच्या गटारात काढायचं. याला तीन मिनिटं पुरतात. पण काटा हिरव्या पट्ट्यात इतका सुरेख उतरला, की प्रसन्नने पाणी तसंच चालू ठेवलं, लॅपटॉप आणला आणि दर दोन मिनिटांनी आकडे टिपत बसला.

विभा भाजी घेऊन आली. "अरे, उतारावर पाणी वाहतंय. कुणाचा तरी पाइप फुटला वाटतं."

"असेल," प्रसन्न मान वर न करता म्हणाला. "इथे लगेच येतात दुरुस्तीला."

तासाभराने काटा थरथरायला लागला. पंप हवा खेचतोय, हे प्रसन्नने तत्काळ ओळखलं. पाणी ओढणारं वरचं तोंड हवा घेत होतं. त्याने ते बंद केलं, सगळी ओढ तळाच्या जाळीवर दिली आणि काटा पुन्हा स्थिर झाला. वरच्या तोंडापर्यंत हवा आली कशी, याचं उत्तर पंधरा पावलांवर अंगणात होतं. तो गेला नाही, कारण आकड्यांत खंड पडला असता.

शेवटी पंप किंचाळला आणि काटा शून्यावर आला. अंगणातून विभाची हाक आली, अगदी हळू. "प्रसन्न, इकडे ये."

तलावाच्या तळाशी कुजलेली पानं आणि एक उथळ डबकं उरलं होतं. प्रसन्नने हिशेब केला. बागेच्या नळीने तलाव भरायला तेहतीस तास लागणार होते आणि ओनिशी-सान दोन तासांत येणार होते. विभाने माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढली.

ओनिशी-सान आले आणि तलावाच्या काठाशी गेले. प्रसन्न माफीसाठी कमरेत वाकून होता. मग ते बोलू लागले. विभा पुण्यात जपानी शिकलेली, ती सांगत गेली.

"ते म्हणतायत, त्या दिवशीही तलाव भरलेला होता. काठोकाठ. त्यांची बायको चार घरं खाली, बहिणीकडे झोपायला गेली होती. घर पडलं, मग आग लागली. बंबवाल्यांच्या नळांना पाणी नव्हतं. इथे होतं. त्यांनी पंपाला नळी जोडली. वीज नव्हती. आणि घरात बादली एकच होती."

प्रसन्नला लॅपटॉपवरच्या आलेखातल्या गुळगुळीत रेषेची लाज वाटली.

ओनिशी-सानांनी बागेतली खोली उघडली. आत चाळीस लाल बादल्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. त्यांनी शेजाऱ्यांना फोन केले. कोबेच्या त्या भूकंपापासून गल्लीत आंघोळीच्या टबातलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी सोडून देत नसे. अर्ध्या तासात उतारावर म्हाताऱ्यांची रांग लागली आणि गल्लीभराचं शिळं, साबणाच्या वासाचं पाणी हातोहात वर येऊ लागलं. रांगेच्या शेवटी प्रसन्न होता. ज्या तलावाच्या पाण्यावर आठ महिने त्याने एक पान तरंगू दिलं नव्हतं, त्यात तो आता शेजाऱ्यांचं आंघोळीचं पाणी ओतत होता. हे घाण आहे, असं त्याने विभाकरवी सुचवून पाहिलं.

"आगीला चालतं, म्हणतायत," विभा म्हणाली.

मग फिल्टर कशाला, असं त्याने विचारलं. डास होऊ नयेत म्हणून, असं उत्तर आलं.

अंधार पडेपर्यंत तलावात पायाच्या घोट्यापर्यंत पाणी झालं. बाकीचं नळीवर सोपवून सगळे घरी गेले. ओनिशी-सान भाडेकरार घेऊन खाली आले, तेव्हा प्रसन्नने खोक्यांकडे पाहिलं. त्यांनी जुन्या अटीवर रेघ मारून खाली दोन ओळी लिहिल्या, शिक्का उठवला आणि कागद विभापुढे ठेवला.

तिने तो दोनदा वाचला. गेल्या वीस वर्षांत कुणी बादल्यांचा सराव केला नव्हता. म्हणून यापुढे दरवर्षी सतरा जानेवारीला भाडेकरूने तलाव रिकामा करावा, असं त्यात होतं. रिकामा कसा करायचा हे भाडेकरूला उत्तम येतं, असंही पुढे लिहिलं होतं.