पहिल्या बोलीला होकार

शेषेरावांनी पंचेचाळीस हजार म्हटलं आणि काउंटरमागची बाई "चालेल, काका" म्हणून बिलाचं पुस्तक काढायला लागली, तेव्हा शेषेरावांना भर दुकानात दरदरून घाम फुटला. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी फुटला. तीस वर्षांत त्यांच्या पहिल्या बोलीला कुणी हो म्हटलं नव्हतं. ते मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

लातूरजवळच्या मुरुड आणि आसपासच्या गावांत शेषेरावांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. बैलबाजारातले ते नावाजलेले दलाल. बैलच कशाला, कुणाच्या घरी लग्नाचा बस्ता असो, फ्रिज असो की फवारणीचा पंप, लोक त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून लातूरला आणायचे. दुकानदाराने शंभर म्हणावं, शेषेरावांनी पन्नास म्हणावं, दुकानदाराने कपाळावर हात मारावा, शेषेरावांनी उठून पायरीपर्यंत जावं, मागून हाक यावी, चहा यावा आणि मग कुठे सत्तरला सौदा पटावा, अशी त्यांची रीत. यातली एक पायरी जरी गाळली तरी त्यांना जेवण अर्ध्यावर सोडून उठल्यासारखं व्हायचं.

आज तर घरचंच काम होतं. लेक शिवांगीला लातूरच्या कॉलेजात संगणकाच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. सोमवारी वर्ग सुरू होणार आणि त्याआधी लॅपटॉप हवा. तिने मोबाइलवर भाव काढून ठेवला होता, सेहेचाळीस हजार नऊशे नव्वद, घरपोच. शेषेराव म्हणाले, मी दुकानातून याच्या खाली आणून दाखवतो. शिवांगी म्हणाली, मग लागली पैज. जास्त पडला तर इथून पुढे घरातली सगळी खरेदी मोबाइलवर, आणि आप्पांनी कुठल्याही दुकानात भावाचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. शेषेराव काही बोलायच्या आत त्यांची बायको सरजाबाई चुलीजवळून "मंजूर" म्हणाली. ते त्यांना फार लागलं होतं.

म्हणूनच ते लेकीला घेऊन मुद्दाम लातूरच्या शिवमूर्तींच्या दुकानात आले होते. टीव्ही आणि मिक्सर विकता विकता शिवमूर्ती आता लॅपटॉपवर आले होते, पण भाव करायची पद्धत जुनीच राहिली होती. वीस वर्षं दोघे एकमेकांना पुरून उरले होते. नेमके आज शिवमूर्ती घरी जेवायला गेले होते आणि दुकानात त्यांची सून वर्षाराणी होती. तिने अठ्ठावन्न हजार सांगितले. शेषेरावांनी पंचेचाळीस म्हटले ते समोरच्याने कपाळावर हात मारावा म्हणून. आणि ही चालेल म्हणाली.

"चालेल म्हंजे?" पाणी पिऊन शेषेरावांनी विचारलं.

"म्हंजे दिला, काका. बिल करते."

"थांबा जरा."

खरं तर पैज जिंकली होती. पैसे टाकायचे, खोकं उचलायचं आणि सरजाबाईसमोर नेऊन ठेवायचं, एवढंच बाकी होतं. पण शेषेरावांचं मन मानेना. निरोगी बैल पहिल्या बोलीला कुणी सोडतो का? सोडतो तो लंगडा, नाहीतर मारका, नाहीतर चोरीचा. त्यांनी लॅपटॉप खोक्यातून बाहेर काढायला लावला. त्याचं झाकण दहा वेळा उघडून मिटलं. सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. खालून हात फिरवला, कान लावून श्वास ऐकावा तसा ऐकला. मग चालू करून पंधरा मिनिटं तसाच ठेवायला सांगितला आणि पुन्हा खालून हात लावला.

"अंग गरम लागायलंय याचं."

"चालू असला की होतोच, काका."

"आप्पा, घ्या की आता," शिवांगी हळूच म्हणाली. "कमीत मिळाय लागलाय न्हाई का?"

शेषेरावांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पोरीला पुस्तकातलं कळत होतं, व्यवहारातलं कळत नव्हतं. त्यांनी वर्षाराणीला माल जुना तर नाही ना, कुणी परत केलेला तर नाही ना, असं फिरवून फिरवून विचारलं. तिने कागद दाखवले, शिक्का दाखवला, तारीख दाखवली. खोट काही सापडेना, तसा शेषेरावांचा संशय आणखी वाढला. शेवटी ते बाहेर पायरीवर गेले आणि त्यांनी थेट शिवमूर्तींना फोन लावला. तुमच्या दुकानात हे काय चाललंय, पंचेचाळीसला माल द्यायलेत, असं त्यांनी जवळजवळ तक्रारीच्या सुरात सांगितलं.

दहा मिनिटांत शिवमूर्ती स्कूटर घेऊन हजर झाले. हात नीट धुतलासुद्धा नव्हता. दारातूनच ते सुनेवर कडाडले की पंचेचाळीसला माल गेला तर दुकानाला कुलूप लावून शेती करायला जावं लागेल. वर्षाराणी "मामंजी, पण ऐका तर..." म्हणाली, पण त्यांनी तिला बोलू दिलं नाही.

शेषेरावांचा जीव भांड्यात पडला. मालक एवढा चिडतो म्हणजे माल चांगला आहे. इतका वेळ पिळवटून निघालेला त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खांद्यावरचा रुमाल झटकला.

"बोला शिवमूर्ती. खरं काय ते बोला."

"अठ्ठावन्न. तुमच्यासाठी सत्तावन्न."

मग ते रंगलं. शेषेराव दोनदा पायरीपर्यंत गेले, दोनदा हाक आली. शिवमूर्तींनी वडिलांची शपथ घेतली, शेषेरावांनी दोघांच्या मैत्रीचा दाखला दिला. चहा आला, तो गार झाला, दुसरा आला. चार्जरची वायर घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं वायर विसरून उभी राहिली. शेवटी शेषेरावांनी काउंटरवर रुमाल पसरला. बैलबाजारात अखेरचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. शिवमूर्तींचे वडील बैलांचे शौकीन, त्यामुळे त्यांनाही ती भाषा येत होती. दोघे म्हातारे डोळे मिटून, ओठ आवळून बराच वेळ हात धरून बसले. मग शिवमूर्तींनी होकाराची मान डोलावली.

शेषेरावांनी रुमाल उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "साडेअठ्ठेचाळीस."

बघ्यांपैकी एकाने वा म्हटलं. साडेनऊ हजार तोडले होते. तीस वर्षांचा अनुभव असा उपयोगाला येतो. शेषेरावांनी अभिमानाने लेकीकडे पाहिलं. शिवांगीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यावर सेहेचाळीस हजार नऊशे नव्वद असे आकडे होते.

शेषेराव त्या आकड्यांकडे बघतच राहिले. पैजेचं त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. डोळ्यांसमोर सरजाबाई उभी राहिली, मग मुरुड उभं राहिलं. उद्यापासून दुकानात गेलं की मुकाट सांगतील तेवढे पैसे द्यायचे. लोक जीपमध्ये पुढच्या सीटवर कशाला बसवतील? मागे तरी बसवतील का, याचीही खात्री नव्हती.

"शिवमूर्ती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या सुनेनं पंचेचाळीसला हो म्हनलं होतं."

"म्हनलं असंल. पर तुम्ही घेतला का? न्हाई. वर मला फोन केलाव." शिवमूर्ती शांतपणे म्हणाले. "तुम्ही बाजारातले जाणते हाव, तुम्हीच सांगा. इसार पडला होता का?"

आता आली पंचाईत. सौदा ठरला की विसारापोटी थोडी रक्कम हातावर ठेवायची, तो इसार. इसार पडला की सौदा पक्का, मग कुणाच्या बापाला मोडता येत नाही. नुसत्या बोलण्याला किंमत नाही. बाजारात असल्या भांडणांचे शेकडो निवाडे खुद्द शेषेरावांनी केले होते. खोटं बोलावं असं एक क्षण त्यांच्या मनात आलं. पण या एका गोष्टीत ते आजवर खोटं बोलले नव्हते.

"न्हाई," ते म्हणाले. "इसार न्हाई पडला. म्हंजे सौदा न्हाई. तुमचंच बरोबर हाय."

स्वतःच्या विरुद्ध निकाल देऊन ते खाली मान घालून बसले. ते अगदी रडायच्या बेताला आले होते.

"पडलाय की इसार," शिवांगी म्हणाली.

वर्षाराणीने बिलाच्या पुस्तकातली पावती काढून सासऱ्यांपुढे ठेवली. माल एक लॅपटॉप, ठरलेला भाव पंचेचाळीस हजार, इसार एकशे एक रुपये रोख. खाली दोघींच्या सह्या होत्या. काका फोन करायला पायरीवर गेले तेव्हाच शिवांगीने पैसे दिले, असं तिने सांगितलं.

"मग मला बोलली का न्हाईस?" शिवमूर्तींनी विचारलं.

"बोलायलेच होते. तुम्ही बोलू दिलं न्हाई. मग हातावर रुमाल पडला. रुमाल पडला की मधे बोलायचं नसतं, तुम्हीच सांगितलंय."

शिवमूर्ती खाली बसले. तासभर दोघांनी घसा कोरडा केला होता तो विकून झालेल्या मालासाठी, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. शेषेराव लेकीकडे वळले.

"आन् तू? तू का गप बसलीस? मी गळा काढून भांडायलोय, तू निवांत बघायलीस."

"तुम्ही आणखी खाली आणला असता तर बरंच झालं असतं की, आप्पा," शिवांगी म्हणाली. "चाळीसला आला असता तर इसार सोडून दिला असता. एकशे एकच गेले असते. वर न्हेला, तर पावती हायच."

इसारावर पाणी सोडून जास्तीचा फायदा बघायचा, ही गोष्ट शेषेरावांनी तिला कधीच शिकवली नव्हती. त्यांना स्वतःला ती पस्तिशीत कळली होती, आणि तीसुद्धा बैलांच्या दोन जोड्यांत नुकसान सोसल्यावर. या पोरीला अजून अठरावं सरलं नव्हतं.

"पैज तुम्हीच जिंकलाव," ती पुढे म्हणाली. "पंचेचाळीस तुम्हीच म्हनलेलाव."

शेषेरावांनी उरलेले पैसे मुकाट्याने मोजून दिले. शिवमूर्तींनी ते घेतले, खोकं स्वतःच्या हाताने शिवांगीच्या हवाली केलं आणि तिच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं.

"शेषेराव, हिला एकदा बैलबाजारात न्या," ते म्हणाले.

"न्हाई," शेषेराव घाईघाईने म्हणाले. "अजिबात न्हाई."

"का हो?"

"मग मला कोण इचारंल?"