एकाच छटेच्या साठ बाटल्या

"हात लावू नका," असं बायकोने जाताना दोनदा बजावलं होतं. ओट्यावर तीन मोठी पातेली निवत ठेवलेली होती. एकात लिंबाचं सरबत, दुसऱ्यात पुदिन्याचं, तिसऱ्यात डाळिंबाचं. पाण्यात मिसळून प्यायचं, घट्ट, घरगुती. शाळेच्या क्रीडा सप्ताहासाठी साठ बाटल्या हव्या होत्या, प्रत्येक चवीच्या वीस. आजवर शेजाऱ्यांना दोन-चार बाटल्या विकणाऱ्या बाईची ही पहिली मोठी ऑर्डर. पार पडली तर दर उन्हाळ्याचं काम पक्कं, बिघडली तर पुन्हा दारोदार "जरा चाखून बघता का" करत फिरायचं. चार वाजता शाळेची गाडी येणार होती, आणि बाटल्यांची झाकणं नेमकी एक माप लहान निघाली. ती बदलायला बाई बाजारात गेल्या. राखणीला दुसरं कोणी नव्हतं म्हणून नवऱ्याला ठेवलं.

नवरा म्हणजे रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इन्स्पेक्टरसाहेब. एकतीस वर्षं त्यांनी डब्यातल्या रंगाची छटा तपासली होती. दोन डब्यांत केसभर फरक दिसला की सगळा माल परत. आपल्या नुसत्या चाहुलीने कामगार चळाचळा कापत, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर मात्र दाराची बेल वाजवणारा प्रत्येक माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून "मॅडम आहेत का?" एवढंच विचारी. हे साहेबांना फार लागलं होतं. घरात कोणाला तरी आपली गरज पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आज घर पूर्ण त्यांच्या ताब्यात होतं.

ते सहज म्हणून ओट्याजवळ गेले आणि थबकले. लिंबाचं सरबत वर फिकट होतं आणि तळाशी गडद. एकाच पातेल्यात दोन छटा. साखर खाली बसली होती, इतकंच, पण साहेबांच्या डोळ्यांसमोर एकतीस वर्षांची नोकरी उभी राहिली. त्यांनी शेजारच्या पातेल्यातला डाव उचलला आणि लिंबू खसाखसा ढवळलं. डाव पुदिन्याच्या पातेल्यातला होता. छटा एकसारखी झाली हे खरं, पण ती हिरवट झाली.

शहाणा माणूस इथे थांबला असता. साहेब तज्ज्ञ होते. हिरव्यावर उतारा तांबडा, हे त्यांना झोपेतही पाठ होतं. त्यांनी लिंबात दोन डाव डाळिंब घातलं. लिंबू विटकरी झालं. शिवाय डाळिंब दोन डाव कमी पडलं, म्हणून भरपाईला त्यांनी विटकरी लिंबातले दोन डाव डाळिंबात ओतले. आता बिनसलेली पातेली दोन झाली. पुदिनाच काय तो शाबूत होता, आणि तोच आता वेगळा वाटायला लागला.

साहेबांनी कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, पिवळ्यात हिरवा गेलाय. तांबड्यात पिवळा गेलाय. छटा जुळत नाही."

"त्यात काय साहेब? आपण काय करायचो? सगळं एकात ओता नि ढवळा. छटा एकच."

"फेसही आलाय."

"तासभर आचेवर ठेवा, बसेल. भिंत आतली का बाहेरची?"

साहेबांनी जरा विचार केला. "आतली," ते म्हणाले.

घरातलं सगळ्यात मोठं पातेलं निघालं. तिन्ही सरबतं त्यात गेली आणि तासभर रटरटली. पुदिना शिजून काळपट पडला, लिंबू कडवट झालं, डाळिंबाने तर जीवच सोडला. रंग आला तो फरशी पुसलेल्या पाण्याचा. पण काय एकसारखा आला! साहेबांनी बारा पेल्यांत ओतून ओळीने मांडून पाहिला. कुठेही केसभर फरक नव्हता. त्यांना किती दिवसांनी असं समाधान वाटलं होतं.

सव्वातीनला बाई झाकणं घेऊन आल्या.

"हे काय आहे?"

"एकसारखं झालंय. कुठलाही पेला उचलून बघ."

"लिंबाचं कुठाय?"

"यातच."

"पुदिन्याचं?"

"अगं, सगळं यातच आहे. जाणार कुठे?"

बाईंनी बोट बुडवून चाखलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर साहेबांनी वाद घातला असता, आणि वादात ते सहसा हरत नसत. पण त्या नुसत्या पातेल्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. साहेबांना स्वतःची लाज वाटली. सवय नसल्यामुळे हे काय होतंय तेच त्यांना आधी कळेना.

"थोडी साखर घालू का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर जाऊन बसा."

नवं सरबत करायला वेळ नव्हता. शाळेचा फोन कोणी उचलेना आणि खाली गाडीचा हॉर्न वाजायला लागला. बाईंनी डोळे पुसले, साठ बाटल्या भरल्या आणि तिन्ही प्रकारची लेबलं बाजूला सारून हाताने 'मिश्र फळांचे सरबत' असं लिहिलं. "आवडलं नाही तर सगळ्या बाटल्या परत घेईन, असं मुख्याध्यापिकाबाईंना सांगा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

त्यानंतरचे आठ दिवस साहेबांना स्वयंपाकघराची बंदी होती. पाणीसुद्धा बाहेर मिळे. नवव्या दिवशी मुख्याध्यापिकेचा फोन आला. बाईंनी मन घट्ट करून तो उचलला. साहेब दाराआड उभे राहिले.

"अहो, सरबत अगदी उत्तम झालं," पलीकडून आवाज आला.

"मुलांना आवडलं?" बाईंचा विश्वास बसेना.

"छे हो. एक घोट घेतात, पुन्हा मागत नाहीत. गेल्या वर्षी चांगलं सरबत आणलं होतं, तर पहिल्याच दिवशी फडशा पाडला. यंदा सातही दिवस पुरून वर अकरा बाटल्या उरल्या. घरगुती आहे म्हणून पालक खूश. मुलं मुकाट्याने साधं पाणी पितात म्हणून शिक्षकही खूश. आता उन्हाळी शिबिराला दोनशे बाटल्या पाठवा. पण चव हीच हवी बरं का. जरासुद्धा सुधारली तर आमची पंचाईत होईल."

बाईंनी फोन ठेवला आणि कधी नव्हे ती नवऱ्याला हाक मारली. "अहो, आत या. त्या दिवशी काय काय किती घातलं होतंत?"

साहेब लगबगीने आत आले, पण माप काही आठवेना. एकतीस वर्षं थेंबाथेंबाची नोंद ठेवणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून ते गॅसपुढे उभे आहेत. घामाने निथळत त्यांनी आज पाचवं पातेलं उतरवलं आणि बाजूला होऊन बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी चमचाभर चाखलं. पुन्हा एकदा चाखलं.

"चांगलं लागतंय," त्या म्हणाल्या आणि अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतून टाकलं. "परत करा."