दोन मिनिटांची सासू

टीव्हीवरच्या मालिकेत वर्षानुवर्षं सुनेला छळून आंटी आडोलेंनी घानातल्या आक्रा शहरात असं काही नाव कमावलं होतं, की चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसत नसे. एरवी बाई लोण्याहून मऊ. आता वाहिनीने ठरवलं, याच सासूचे दोन-दोन मिनिटांचे जास्तीचे भाग काढायचे. लोकांनी ते मोबाईलवर बघायचे, म्हणून चित्रीकरणही मोबाईलवरच. दिग्दर्शक ओकाई खूश होता. दिवे नाहीत, गाड्या नाहीत. "शूटिंग चाललंय हे कुणाला कळणारसुद्धा नाही!"

तेच नडलं.

पहिला भाग त्याच संध्याकाळी दाखवायचा होता. ओकाई मासळीबाजारात कांद्याच्या पोत्यांआड मोबाईल धरून बसला. सुनेचं काम करणारी एसिनाम नवखी, बुजरी पोर. तिला नुसतं रडायचं होतं.

"हा मासा निवडलास? डोळे फुटले का तुझे? आज उपाशीच ठेवते तुला!" आंटी कडाडल्या. एसिनाम रडली, आणि फारच छान रडली.

मासे विकणारी कोरकोर पदर खोचावा तसं कमरेचं फडकं आवळून उठली. "ए बाई! टीव्हीवर छळतेस ते पोटासाठी, म्हणून गप्प बसलो. इथं फुकट कशाला छळतेस?"

"अगं, हे टीव्हीचंच आहे!"

"मग कॅमेरा कुठाय?"

"हा काय, मावशी!" ओकाई मोबाईल नाचवत धावत आला.

"म्हणजे नवरा तू! आई बायकोला फाडून खातेय आणि तू फोटो काढतोस, मेल्या?" तिच्या फटक्यासरशी मोबाईल सुक्या झिंग्यांच्या टोपलीत गेला.

कोरकोरने एसिनामला जवळ बसवलं, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, केंकीचा गोळा आणि तळलेला मासा पुढे ठेवला. "खा पोरी. आणि सगळं सांग."

एसिनाम सकाळपासून उपाशी होती. शिवाय तिला आजवर एक वाक्यसुद्धा कुणी बोलायला दिलं नव्हतं, आणि इथं अख्खा बाजार कान देऊन उभा. "माझ्या चपलासुद्धा लपवते हो ही," ती हुंदकली.

"हे लेखकाने लिहिलेलं नाही!" आंटी किंचाळल्या.

"अगं बाई! लिहून काढून छळतेस?"

शेवटी आंटींनी एसिनामचा हात धरून माफी मागितली. सुरुवातीला अभिनयच होता. पण भोवतालच्या बायका डोळे पुसू लागल्या, एकीने त्यांना पाणी दिलं, दुसरीने "असू दे हो, चुकतं माणूस" म्हणत पाठीवर हात ठेवला, तेव्हा बाई खरोखरच रडू लागल्या. या बाजारात इतकं गोड त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

ओकाईने वाहिनीकडून एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारापासून लांब, एका ओळखीच्याच्या अंगणात तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला. आंटींनी डोळे वटारले, हात उगारला आणि त्या थबकल्या. ओकाईच्या मागे कोरकोर पाटावर बसून सुरीने मासा साफ करत होती. पत्ता एसिनामनेच दिला होता.

उगारलेला हात अलगद सुनेच्या डोक्यावर उतरला. "जेवलीस का, बाळ?"

"कट!" ओकाई रडकुंडीला आला.

"कट काय कट?" कोरकोर म्हणाली. "इतकी छान बोलतेय. बोलू दे की तिला!"