गाणारा गेला कुठे?

रविवारी दुपारी सासरे झोपले आणि जावयाने त्यांच्या गाडीची दोन्ही दारं सोलून ठेवली.

म्हणजे आतली पॅनेलं काढली. त्या अकरा वर्षांच्या गाडीचे दारातले स्पीकर नुसते खरखरायचे, म्हणून या पठ्ठ्याने नवा अॅम्प्लिफायर आणला होता. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं कारखान्यात माल तपासला होता. पसंत पडलं तर "चालेल", नाहीतर "नाही चालणार". त्यापुढे त्यांची गाडी फारशी जात नसे. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण जावयाच्या पदरात एकही "चालेल" पडलं नव्हतं. आज ते मिळवायचंच, असा त्याने चंग बांधला होता.

"अहो, येतं ना तुम्हाला हे?" बायकोने विचारलं.

"दोनदा व्हिडिओ पाहिलाय."

"दोनदाच?"

अॅम्प्लिफायर डिकीत बसला. प्रत्येक स्पीकरच्या प्लस आणि मायनस अशा दोन वायरी तिथवर न्यायच्या होत्या. दोन्ही प्लस नीट पोचल्या. मायनस मात्र पुढच्या सीटपर्यंत येऊन संपल्या. दुकान बंद, सासरे उठायची वेळ झालेली. मग त्याने त्या दोन मायनस एकमेकींनाच जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पॅनेलं ठोकून बसवली. तीन स्क्रू उरले, ते खिशात गेले.

बातम्या लावल्या. चिडीचूप.

"जळलं वाटतं," बायको म्हणाली.

घाबरून त्याने गाणं लावलं, तर काय! व्हायोलिन वाजतंय, बासरी वाजतेय, आणि गाणाऱ्याचा पत्ताच नाही. ओळीच्या ओळी रिकाम्या जात होत्या. दोघांच्या अंगावर काटा आला.

"अहो, माणूस कुठे गेला यातला?"

जावयाने वायरमनला फोन लावला. पण वायरमनच्या आधी सासरे आले, गाणं चालू असतानाच गाडीत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. जावयाने डोळे मिटले. संपलं सगळं.

आणि गाडीतून आवाज आला. भरदार, सुरेल, काळजाला हात घालणारा. सासरे गात होते! सासूबाई हातातला टॉवेल तसाच घेऊन धावत बाहेर आल्या.

"अगंबाई! बेचाळीस वर्षं संसार केला, मला पत्ता नाही!"

वायरमन आला तोही फाटकात खिळून उभा राहिला. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"बाबा, तुम्ही आधी कधीच कसे गायला नाहीत?" लेकीने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"दर वेळी तो गात असायचा," सासरे म्हणाले. "दुसरा बोलत असताना मी मध्ये तोंड घालत नाही." आणि ते चहा प्यायला आत गेले.

वायरमनने सीटखाली हात घालून चिकटपट्टी चाचपली आणि तो थक्क झाला. "साहेब, अशा जोडणीत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, ते नाहीसं होतं. गाणारा दोन्हीकडे सारखा, म्हणून तो गेला. बातम्याही गेल्या. तीस वर्षांत इतकी देखणी चूक पाहिली नाही." आणि इमानी माणूस तो, त्याने दहा मिनिटांत ती दुरुस्त केली.

सासरे परत आले. गाणं लागलं. त्यांनी तोंड उघडलं, तोच गायक खणखणीत सुरू झाला. सासऱ्यांनी तोंड मिटलं.

"नाही चालणार."

"बाबा, आत्ता बरोबर जोडलंय," वायरमन म्हणाला.

"आधीसारखं करा."

वायरमनने पक्कड हातात घेतली, वायरीपाशी नेली आणि खाली ठेवली. "नाही हो. मुद्दाम चुकायला हातच धजत नाही. हे यांनाच जमेल."

जावई सीटखाली शिरला. वायरी सोडवल्या, मायनसला मायनस जोडली, चिकटपट्टी गुंडाळली. सासूबाई मागच्या सीटवर येऊन बसल्या. व्हायोलिन सुरू झालं, बासरी आली, आणि गाणाऱ्याच्या जागी रिकामी ओळ आली.

सासऱ्यांनी ती मान तिरकी करून, माल तपासल्यासारखी ऐकली.

"चालेल, जावईबापू," ते म्हणाले आणि गाऊ लागले.