पाठीमागचा समुद्र

मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा चिमणाबाईंनी एकच चूक केली. दुधाच्या रांगेत उभं राहून तसं बोलून दाखवलं. संध्याकाळी शेजारची गंगव्वा दारात.

"अक्का, मुंबईला चाललायसा म्हणं?"

"ठाण्याला पुतण्याचं लगीन हाय. दुसऱ्या दिवशी रविवार मोकळाच हाय, तर म्हटलं समुद्र बघावा. लाँचमधी बसायचंय मला."

"बसा की! तेवढी आमच्या सोमेशला चटणी द्या. जड न्हाय काय."

मे महिना होता. गल्लीतल्या सगळ्यांच्या वर्षाच्या चटण्या नुकत्याच डंकावर कुटून आल्या होत्या, आणि पहिला डबा बाहेरगावच्या लेकरांना ही कोल्हापूरची रीत. रीत आहे म्हटल्यावर 'नको' म्हणायची सोय नसते. निघायच्या दिवशी चिमणाबाईंच्या सोप्यात गल्लीभरच्या डब्यांमुळं पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि घरभर सगळ्यांना शिंका येत होत्या.

आकारामरावांनी त्या ढिगाकडं बघितलं. जन्मभर त्यांनी दुधाचा टँकर चालवला होता, त्यामुळं वजनाचा अंदाज पक्का. "एवढ्यासाठी ट्रक करावा लागंल. आणि समुद्रात बघण्यासारखं काय असतंय गं? पाणीच की! आपला रंकाळा काय कमी हाय?"

लग्न झाल्यापासून चिमणाबाई हे ऐकत होत्या. समुद्राचं नाव काढलं की आकारामराव त्यांना रंकाळ्यावर नेऊन भेळ खायला घालत. भेळ खाऊन खाऊन त्या थकल्या होत्या, पण समुद्र डोक्यातनं गेला नव्हता.

रविवारी घरोघर डबे पोचवत फिरलं तर मुंबईतले सगळे जिने तेवढे बघून होतील, हे त्यांनी ठाण्यातच ओळखलं. मग त्यांनी डोकं चालवलं. सगळ्या पोरांना फोन करून सांगितलं, "मी गेट वेपाशी बसत्या. ज्यानं त्यानं आपापली चटणी घेऊन जावा." ह्या युक्तीवर त्या लग्नघरात दोनदा तरी एकट्याच हसल्या.

गेट वेच्या दारात पिशव्या तपासायला पोलीस होता. त्यानं एका डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, आणि रांग शिंकांनी हादरली.

"काय आहे हे?"

"चटणी."

"एवढी?"

"कोल्हापूरची हाय," चिमणाबाई म्हणाल्या. पोलिसानं डोळे पुसत हातानंच जा म्हटलं.

आत गर्दी एवढी, की माणसांच्या डोक्यांमधनं समुद्राची एक चिंधी तेवढी दिसली. निवांत बघू, असं म्हणून त्या कठड्याला पाठ लावून, दाराकडं तोंड करून पिशव्यांवर बसल्या. तोंड दाराकडं हवंच होतं. पोरं येणार तिकडनं.

आकारामरावांनी लाँचची तिकिटं काढून आणली. "चल, सुटायला लागलीया."

"आणि चटणी कोण देणार?"

"मी देतो की."

"तुम्ही? सोमेशची राजवीरला द्याल. त्याच्या आईच्या हाताची चटणी दुसऱ्याच्या पोरानं खाल्ली, तर जन्मभर बोलायची न्हाय ती माझ्यासंगं. तुम्ही या जाऊन. माझं तिकीट नंतर चालतंय का ते इचारा."

नंतर चालत होतं. आकारामराव कत्तलखान्याकडं निघाल्यासारखे लाँचकडं गेले.

पहिला सोमेश आला. पाया पडला, चटणी घेतली आणि पुढ्यात एक खोकं ठेवलं. "मावशी, आईला मिक्सर घेतलाय. तेवढा न्या. आणि हा मागच्या वर्षीचा डबा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बदाम भरल्यात."

चिमणाबाईंनी खोकं जवळ ओढून घेतलं. कोल्हापूरची पोरं कितीही मुंबईला राहिली, तरी डबा रिकामा परत देत नाहीत, हे त्या विसरल्याच होत्या.

मग सौंदर्या आली. तिनं चटणी नेली आणि आईच्या वाढदिवसाचा केक दिला. "काकू, आडवा करू नका हं. कोल्हापूरपर्यंत अस्साच धरा." राजवीरनं चादरी आणल्या. येणारा प्रत्येक जण डबा उचलायचा, काहीतरी ठेवायचा आणि मोबाइल काढायचा. "काकू, एक फोटो! आईला पाठवतो. हसा की!" चिमणाबाई केक धरून हसायच्या. सामान वाढत गेलं, तसं हसू उतरत गेलं.

आकारामराव परत आले. टोपी चुरगळलेली, चेहरा पांढरा.

"कसला हुता समुद्र?"

"हुता की," एवढंच म्हणाले आणि मिक्सरवर बसले.

आता फक्त उदयसिंह राहिला होता. तो दुपारपासून "निघालोय काकू" म्हणत होता. शेवटची लाँच भोंगा वाजवायला लागली.

"तू जा, मी बसतो," आकारामराव म्हणाले.

"त्याला ओळखतासा का तुम्ही?"

"न्हाय."

"मग?"

लाँच सुटली आणि त्याच क्षणी उदयसिंह धावत आला. हातात कुंडी. "आईला मोगरा पाहिजे हुता, काकू."

पुढं गाडी चुकायची वेळ. आकारामरावांच्या डोक्यावर मिक्सर, काखेत कुंडी. चिमणाबाई नजर केकवरनं न हलवता टॅक्सीपर्यंत चालत गेल्या. समुद्र पाठीमागंच राहिला.

गल्लीत परतल्यावर आकारामरावांना मात्र कंठ फुटला. कट्ट्यावर बसून ते सांगायचे, "निळाशार! आणि ह्या घराएवढ्या लाटा! आमची लाँच अशी वर जायची, अशी खाली यायची." चिमणाबाई भाजी निवडत आतून ऐकायच्या. भेळीपेक्षा हे पचायला जड होतं.

एका दुपारी सौंदर्यानं पाठवलेला फोटो त्यांनी मोबाइलवर बोटांनी मोठा केला. केक धरलेल्या आपल्याच खांद्यामागं त्यांना समुद्र दिसला. निळा कुठला, चहासारखा मातकट! पण लांबपर्यंत पसरलेला, वर पक्षी उडणारे, मोठाल्या बोटी उभ्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग काठाला लागणारी एक लाँच दिसली. तिच्यात एक माणूस दोन्ही हातांनी दांडा आवळून, टोपी दातात धरून, डोळे गच्च मिटून बसला होता.

रात्री जेवताना त्यांनी मोबाइल ताटाशेजारी ठेवला. आकारामरावांचा घास हातातच राहिला.

"ढवळत हुतं गं पोटात," ते हळूच म्हणाले. "डोळं उघडलं की जास्तच."

"म्हंजे तुम्हीबी न्हाय बघितला."

"न्हाय."

चिमणाबाईंना हसू आलं. त्यांनी भाकरीचा चतकोर त्यांच्या ताटात सरकवला. "परत जाऊया. काठावरनंच बघू, दोघंबी. आणि ह्या वेळी कुणाला सांगायचं न्हाय."

"कुणी इचारलं तर?"

"वडगावला भावाकडं चाललोय म्हणायचं."

बेत पक्का झाला. आकारामरावांनी शब्द पाळला. मुंबईचं म कुणापाशी काढलं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी गंगव्वा दारात उभी, पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"अक्का, वडगावला चाललायसा म्हणं? बरंच झालं. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर तिथंच हाय."

चिमणाबाईंनी मागं वळून बघितलं. आकारामराव टोपी घालून परड्याच्या दारानं बाहेर पडत होते.

"कुठं निघालासा?"

"भेळ आणतो," ते म्हणाले.