ट्रॅक्टरची खांदशेकणी

शालूबाईनं ट्रॅक्टरला तेल पाजलं ते निव्वळ मायेपोटी. बैलाला पाजतात तसंच पाजलं. बांबूच्या नळकांड्यानं, घाण्यावरून काढून आणलेलं घरच्या करडईचं, गडूभर.

पोळा उद्यावर आला होता. देऊळघाटात ज्याच्या-त्याच्या गोठ्यात खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू वाहून सोलवटलेल्या बैलांच्या खांद्यांना कोमट हळद-लोणी चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानाशी वाकून म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' शालूबाईच्या गोठ्यात यंदा वाकायला कानच नव्हते. पाखऱ्या म्हातारा होऊन गेला, त्याच्या मागोमाग चांद्याही गेला, आणि त्यांच्या खुंट्यांजवळ लाल ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. तेव्हापासून तिचा नवरा, उकंडराव, गोठ्याकडे पाठ करूनच बसत.

दुपारी घरात कोणी नव्हतं. शेजारच्या गोठ्यातून हळदीचा वास आला आणि शालूबाईचे हात रिकामे राहायला तयार होईनात. ती वाटी घेऊन ट्रॅक्टरपाशी गेली. चाकावरच्या पत्र्यालाच खांदा मानलं नि चोळता चोळता तिच्या गळ्यातून जुनी लकेर आली:

'खांद्याले लावते हळद, हळदीत लोणी कालवून,
माझ्या शेतातलं सोनं, आलं तुझ्या पाठीवरून...'

मग तेलाची आठवण झाली. बॉनेट उचललं की एक टोपण दिसतं, मागं मिस्तरीनं त्यातूनच तेल पाजलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं टोपण काढलं, नळकांडं लावलं. लेकरू दूध पिऊन घेतं तसं ट्रॅक्टरनं सगळं पिऊन घेतलं. एक थेंब ओघळला नाही. शालूबाईला भरून आलं.

सून अश्विनी बाजारातून आली ती तिच्या हाताकडे पाहतच.

"हात काऊन इतके तेलकट वो, आत्याबाई?"

"काई नाई वं. ट्रॅक्टरचं जरा... पुसपास." शालूबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय वं, इंजिनाले कोन्तंबी तेल चालते ना?"

"अवो बाप्पा! माह्या भावानं फटफटीत भलतंच तेल टाकलं होतं. चालू केली, घरघर वाजली, अन् इंजिन मेलं."

"मेलं?"

"पार. मिस्तरी म्हणे, आता द्या भंगारात."

शालूबाई मटकन उंबऱ्यावर बसली. ते दोघं गेले ते त्यांच्या वयानं. हा तिसरा मात्र आपल्या हातानं जाणार. मुलगा भागवत ट्रॅक्टरवर जीव टाकायचा, रोज फडक्यानं पुसायचा. त्याला काय सांगायचं? तेवढ्यात भागवत आलाच.

"माय, ट्रॅक्टर विहिरीवर नेतो धुवाले."

"नको!" ती अशी ओरडली की अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या.

"काऊन?"

"म्या आवतन देल्लं त्याले. आवतन देल्यावर कामाले जुंपत नाई."

"माय, ट्रॅक्टर हाय तो!"

"मंग? पेते ना तो? राबते ना?"

भागवत हसायला लागला. पण ओसरीवरून उकंडराव कडाडले, "बराबर हाय तिचं! आज त्याले हात लावाचा नाई. रीत म्हंजे रीत!"

शालूबाई चकित झाली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिची बाजू घेतलेली तिला आठवत नव्हती. पण भीतीनं तिला नवल करायलाही सवड दिली नाही. पंजाबराव दुकानदार चिखलानं माखून दारात उभा होता.

"भागवत, चाल लवकर! माही गाडी नाल्यात रुतली. पोळ्याचा सारा माल हाय तिच्यात. झुली, घुंगरं, बेगड. वर पाऊस भरून आला. पूर आला तं उद्या गावाचे बैल उघडेच फिरतीन!"

आता रीतही आडवी येईना. भागवत उठला. शालूबाई त्याच्या आधी आत धावली. चाबी उचलायची आणि पिठाच्या डब्यात खुपसायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण खुंटी रिकामी होती.

"चाबी कुठं गेली बे?" मागून भागवत ओरडला. "थांब पंजाबराव, दुसरी पेटीत हाय."

उकंडरावांनी शालूबाईला डोळ्यानं खुणावलं. दोघं कडब्याच्या गंजीमागं गेले. उकंडरावांनी बंडीच्या खिशातून हळूच चाबी काढून दाखवली.

"तुमी काऊन लपवली?"

"तू काऊन शोधत होती?"

शालूबाईला रडू फुटलं. "म्या मारलं वो त्याले. तेल पाजलं. करडईचं. बैलावानी."

उकंडरावांचा चेहरा पिठासारखा झाला. "किती?"

"गडूभर."

"अरे देवा!" ते तिथंच कडब्यावर टेकले. "म्या सकाळीच दोन पाजले. मंग अश्विनीचं बोलनं आयकलं अन् चाबी लपवली."

शालूबाई रडायची थांबली. "तुमी? तुमी तं त्याच्याकडं पाहत बी नोते!"

"नोतो पाहत." उकंडराव जमिनीकडे बघत म्हणाले. "पन पोळा आला ना. बाकीच्याइले सारे गोंजारून राह्यले. त्याले वाटलं अशीन, आपल्याले कोनीच इचारत नाई."

शालूबाईनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि गोठ्यातून आवाज आला. घर्र. घर्र. धडाड!

दोघं धावत सुटले. गोठ्यातून पांढराफटक धूर लोटत होता आणि त्या धुराला लग्नाच्या आचाऱ्याच्या कढईसारखा वास होता.

"कोनाच्या घरी भजे निघून राह्यले?" पंजाबराव नाक वर करून विचारत होता.

भागवतनं झटकन इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. शालूबाईनं मनाचा धडा केला. सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायचा, म्हाताऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही.

"भागवत, बाप्पू, तुले एक सांगते..."

"माय, पयले माह्यं आयक!" भागवतचा आवाज फुटला. "बाबा, तुमी बी आयका. मारा लागलं तं मारा. परवा मिस्तरीले न बोलावता म्याच ऑइल बदललं. दुकानात जे भेटलं, ते टाकलं. म्या मारला ट्रॅक्टर!"

अश्विनीनं एव्हाना मिस्तरीला फोन लावला होता. "आयका, मिस्तरी म्हंते लगेच बंद केला तं काई होत नाई. परवा येते, सारं ऑइल काढून नवीन टाकते. तवरोक चाबी लावू नोका म्हंते." पंजाबराव दुसरा ट्रॅक्टर शोधायला पळाला. शालूबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला, पण पोराचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. खरं सांगून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

उकंडरावांनी तिच्या पायावर पाय दिला. मग घसा खाकरून ते पुढं झाले.

"जाऊ दे, भागवत. चुकते मानूस. फक्त मोठ्याइले न इचारता असं करू नाई."

"हाव, बाबा."

"अन् परवा मिस्तरी येईन तवा तू शेतात जाय. त्याच्यापुढं तुले खाली पाहा लागन. त्याचं म्या पाह्यतो."

भागवतचे डोळे भरून आले. "बाबा, तुमी इतक्या मोठ्या मनाचे असान, मले मालूमच नोतं."

शालूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदा हलायला लागले. भागवतला वाटलं, माय रडते आहे.