धुक्याची जर्सी

"डाव्या हातात? ह्यांना कुणी सांगितलं डाव्या हातात म्हणून?"

मासे आणि चिप्सच्या दुकानात रांग लागली होती आणि मेविस ऑर्मरॉडच्या पुढची रुंद पाठ स्वतःशीच कुरकुरत होती. पाठ टॅटर्सलची होती. त्याच्या हातातल्या फोनवर हेथरशॉ रग्बी क्लबच्या नव्या स्मृती-जर्सीचं चित्र होतं: छातीवर एक तरुण खेळाडू, चेंडू डाव्या बगलेत, रेषेपलीकडे झेपावलेला.

"चेंडू उजव्या हातात होता," टॅटर्सल शेजारच्याला म्हणाला. "मी समोर उभा होतो. हात लांब केला असता तर चेंडूला लागला असता."

"मैदानाचा कोपरापण चुकवलाय," शेजारचा म्हणाला. "हा गिरणीच्या चिमणीकडचा दाखवलाय. ट्राय झाला चर्चकडं."

"चर्चकडं नाही रे बाबा. चिमणीकडंच. पण उजव्या हातानं."

तो सामना झाला त्या वर्षी टॅटर्सल पाय मोडून घरी प्लास्टरमध्ये पडलेला होता, हे मेविसला पक्कं आठवत होतं. त्याच्या आईनं तेव्हा गल्लीभर रडगाणं गायलं होतं. पण खोट्याला खोटं म्हणायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करायची आणि कुणापाशी थांबायचं, हा प्रश्न होता. तिनं दोन मासे घेतले, व्हिनेगर जास्त मागितलं आणि ती घरी आली.

चित्रातला झेपावलेला तरुण घरी आरामखुर्चीत बसून मोजे शोधत होता.

हेथरशॉ गावानं आजवर एकच कप जिंकला. पन्नास वर्षांपूर्वी, शेजारच्या क्रॅगलीविरुद्ध. सामना संपत आला असताना क्लिफर्ड ऑर्मरॉड चेंडू घेऊन पळाला, त्यानं तो रेषेपलीकडे जमिनीला टेकवला, म्हणजे ट्राय केला, शिट्टी झाली आणि गाव धन्य झालं. त्या दिवशी थोडं धुकं होतं, असं गावात म्हणत. तरीही मैदानात मावतील त्याच्या चौपट माणसांनी तो ट्राय डोळ्यांनी पाहिला होता, आणि पाहणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढतच होती.

मेविसनंही पाहिला होता. तेव्हा ती कठड्यापाशी चहा विकायची. शिट्टी ऐकून ती किटली टाकून धावली, चिखलानं माखलेल्या क्लिफच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मी बघितलं, क्लिफ. मी सगळं बघितलं." आठवडा उलटायच्या आत त्यानं तिला मागणी घातली. त्यानंतर दोघांनी संसार केला, तीन मुलं वाढवली, दोनदा छप्पर बदललं. पण त्या ट्रायबद्दल एकमेकांना कधी एक अक्षर विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती दोघांनी मिळून झाकलेली असली, तर मग विचारायलाच नको.

जर्सीची कल्पना क्लबचा अध्यक्ष नॉर्मन ग्रीनवुड याची. चित्र त्याच्या जावयाचं, जस्टिनचं. जस्टिन लीड्सला बिस्किटांच्या डब्यांवर चित्रं काढायचा, त्यामुळे पहिल्या चित्रातला क्लिफ फार गोड दिसत होता.

क्लबच्या फेसबुक पानावर युद्ध पेटलं. डावा हात, उजवा हात. कॉलर गोल होती, नाही, टोकदार होती. क्लिफला मिशी होती. मिशी लग्नानंतर आली. जस्टिननं चेंडू उजव्या हातात दिला, तेव्हा डावा हात बघितलेले चवताळून उठले. त्यानं दोन्ही हातांत दिला, तेव्हा कुणीतरी लिहिलं, "हा ट्राय करतोय की बाळाला बारशाला नेतोय?" एका बाईनं तर आपल्या दिवंगत वडिलांची शपथ घालून सांगितलं की चेंडू पोटाशी होता. त्यावर टॅटर्सलनं लिहिलं की तिचे वडील चष्मा लावत.

शेवटी नॉर्मन क्लिफच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"तू सांग बाबा. तुझाच हात होता ना?"

क्लिफ चहात बघत राहिला. "लोकांना बरं वाटेल तसं कर."

"अरे, लोकांना बरं वाटेल असं काही नसतंच. ती लोकं आहेत. डावा का उजवा, एवढंच सांग आणि मला सोडव."

"घाईत होतो रे."

"आणि कोपरा? कोपरा तरी?"

"नॉर्मन, केक घे," मेविस म्हणाली आणि तिनं त्याच्या तोंडात जवळजवळ कोंबलाच.

त्यानंतर क्लिफ क्लबात जायचा बंद झाला. पन्नास वर्षं तिथं त्याचा पहिला ग्लास कुणी ना कुणी भरत असे. आता तो पाव आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. एका दुपारी मेविसनं खिडकीतून पाहिलं, तर म्हातारा परसात कोबीचा गड्डा बगलेत धरून उभा होता. आधी डाव्या. मग उजव्या. मग त्यानं गड्डा पोटाशी धरून पाहिला, मान हलवली आणि तो हळूच परत वाफ्याशेजारी ठेवला.

मेविसनं पडदा ओढून घेतला. ह्याला आठवत नाही, तिला वाटलं. की आठवतं, आणि तो ट्राय झालाच नव्हता? आणि झालाच नसेल, तर ती कशाच्या गळ्यात पडली होती? विचारलं तर तो खरं सांगेल, हीच भीती होती. आणि त्यानं उलट विचारलं तर तिलाही खरं सांगावं लागेल. तिनं रात्रीच्या जेवणाला कोबी केला नाही.

इकडे नॉर्मनला एकदम आठवलं की पुरावा तर क्लबातच टांगलेला आहे. बारच्या वर, चौकटीत, त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला फोटो. खाली छापलेलं: 'ऑर्मरॉडचा विजयी ट्राय.' वर नुसतं राखाडी धुकं. पन्नास वर्षं लोक त्या चौकटीत बोट घालून पाहुण्यांना दाखवत आले होते, "हे बघा कोपर. आणि हा क्रॅगलीचा सटक्लिफ, पाय धरायला गेलेला." पाहुणे मान डोलवत. न डोलवणाऱ्याला पुढचा ग्लास मिळत नसे.

वैतागलेल्या जस्टिननं तो फोटोच अख्ख्या जर्सीवर छापून टाकला. पुढे राखाडी, मागे राखाडी, बाह्या राखाडी. एवढं करून तो नव्या बिस्किटांकडे वळला.

आणि गाव खूश झालं.

"आत्ता कसं," टॅटर्सल म्हणाला. "अस्सल. बघ, उजवा हात." त्यानं स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवलं.

"डावा आहे तो," शेजारचा त्याच्याच पोटात बोट खुपसून म्हणाला. "पण जर्सी झकास."

दुकानातला पहिला गठ्ठा दुपारपर्यंत संपला. पबमध्ये मोठी माणसं एकमेकांच्या ढेऱ्यांवर वाकून कोपरं शोधू लागली. कॉलरवाले, मिशीवाले, चर्चवाले, चिमणीवाले, प्रत्येकाला आपापलं दिसत होतं. क्रॅगलीच्या पानावर कुणीतरी लिहिलं, 'हेथरशॉनं भांडी पुसायचं फडकं अंगावर घातलंय.' त्याला उत्तर गेलं की ज्यांना कप मिळाला नाही त्यांना कला काय कळणार.

झालं, मिटलं, असं मेविसला वाटलं. पण यशानं नॉर्मन चेकाळला. विजयाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या सामन्याआधी क्लिफनं तोच चेंडू त्याच जागी पुन्हा टेकवायचा, आणि पाय धरायला क्रॅगलीहून खुद्द आर्नल्ड सटक्लिफला बोलवायचं, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

"मी जात नाही," क्लिफ म्हणाला.

"नाही गेलास तर काय म्हणतील?" मेविस म्हणाली.

"गेलो तर काय म्हणतील?"

तिनं त्याची राखाडी जर्सी इस्त्री केली.

सोहळ्याच्या दिवशी कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं. दरीच्या पार टोकापर्यंत मेंढ्या दिसत होत्या. क्लिफच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून मेविसनं त्याला मैदानाच्या मध्यापर्यंत धरून नेलं. आर्नल्ड सटक्लिफ काठी टेकत आला. पन्नास वर्षांपूर्वी आपण क्लिफचा घोटा पकडला होता, तो निसटला, असं तो क्रॅगलीत आयुष्यभर सांगत आला होता. त्याचे ग्लास त्यावर भरले जात.

आणि मग घोटाळा झाला. निम्मं गाव चर्चच्या कोपऱ्यात जाऊन उभं होतं, निम्मं चिमणीच्या. सगळे राखाडी. दोन्हीकडून आरोळ्या येत होत्या, "इकडं, क्लिफ, इकडं."

क्लिफ चर्चकडे दोन पावलं गेला. चिमणीवाले ओरडले. तो वळला. चर्चवाले ओरडले. तो चेंडू घेऊन जागच्या जागी उभा राहिला, परसात कोबी घेऊन राहिला होता तसा.

"आर्नल्ड," तो हळूच म्हणाला, "कुठला कोपरा रे? तू पाय धरला होतास ना?"

आर्नल्डनं आधी आपल्या गावच्या लोकांकडे पाहिलं. मग काठीकडे. "क्लिफ, तुला म्हणून सांगतो. मी कोपऱ्यावरचा झेंड्याचा खांब धरला होता. शिट्टी होईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं, तूच आहेस."

"बारीक होतो मी तेव्हा," क्लिफ म्हणाला.

तेवढ्यात नॉर्मन माइक घेऊन धावत आला. "काय ठरलं? लोक खोळंबलेत. टीव्हीवाले नसले म्हणून काय झालं."

क्लिफनं चेंडू मेविसपुढे केला.

"हिला विचारा," तो म्हणाला. "ही होती तिथं. हिनं सगळं बघितलं होतं. मेविस, सांग गं. कुठला कोपरा?"

नॉर्मननं माइक तिच्या तोंडाशी धरला. दोन्ही कोपऱ्यांतली माणसं पुढं सरकली. चर्च म्हटलं असतं तरी चाललं असतं, चिमणी म्हटलं असतं तरी. निम्म्या गावानं तिला खांद्यावर घेतलं असतं, आणि क्लिफनं निमूटपणे ती म्हणेल तिथं चेंडू टेकवला असता, तिच्याच भरवशावर. मेविसनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या उन्हात तिनं तो फार दिवसांनी पाहिला होता.

"मला काही दिसलं नव्हतं, क्लिफ," ती म्हणाली आणि दरीभर ते ऐकू गेलं. "धुकं होतं. मला हातातली किटलीसुद्धा दिसत नव्हती. कुणालाच काही दिसलं नव्हतं."

चिमणीकडून टॅटर्सलचा आवाज आला, "मला थोडं दिसलं होतं." पण त्यात जोर नव्हता.

क्लिफनं चेंडू खाली ठेवला. कुठल्याच कोपऱ्यात नाही, जिथं उभा होता तिथंच, गवतावर. मग तो सरळ झाला आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा श्वास सोडल्यासारखा हसला.

"अगं, मलाही नव्हतं दिसलं," तो म्हणाला. "तू बघितलं म्हणालीस, म्हणून मी समजलो, झाला असेल."